काट्यावर भांडतो, पुडीवर मात्र गप्प बसतो

सभासद बंधू-भगिनींनो,



उसाची गाडी काट्यावर उभी राहिली की आपली नजर कुठे असते? आकड्यावर. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, पावतीवरचा आकडा, सगळे आपण पाहून घेतो. दहा-वीस किलोचा फरक वाटला तरी काटा कारकुनाला जाब विचारतो. विचारलाच पाहिजे. वर्षभराच्या घामाचे ते वजन आहे. परंतु हाच आपला सभासद आठवडी बाजारात जातो, गुडघेदुखीची पुडी घेतो, पैसे मोजून देतो आणि आत काय आहे, किती आहे, कोणी बनविले, हे एका शब्दाने विचारीत नाही. "झाडपाल्याची आहे, अपाय नाही," एवढे ऐकले की आपले समाधान होते. ह्या अंकात आम्ही त्या पुडीबद्दल लिहिणार आहोत. विषय उसाचा नाही, पण उसात राबणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचा आणि कमरेचा आहे.

गंगापूर तालुक्यातील आमच्या एका सभासदाची हकीगत आधी सांगतो. नाव सांगत नाही, आपण त्यांना तात्या म्हणू. तात्यांचे वय साठीच्या पुढचे. रात्री-अपरात्री लाईट आली की उसाला दारे धरायला जायचे, त्याने गुडघे धरले. बाजारात एकाने पुडी दिली. आठ दिवसांत तात्या उठून चालू लागले. भूक वाढली, चेहरा भरला. घरचे म्हणाले, "तब्येत सुधारली." खोटे कशाला बोला, तात्यांचा तो फरक पाहून आमच्याही घरात ती पुडी आली होती. पाचव्या महिन्यात तात्यांना चक्कर येऊ लागली. रक्तातील साखर तपासली तर ती भलतीच वाढलेली. घाबरून त्यांनी पुडी एकदम बंद केली, आणि तिसऱ्या दिवशी उलट्या, अंगातले त्राण गेलेले, रक्तदाब खाली, अशा अवस्थेत त्यांना छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टरांनी चेहरा पाहूनच विचारले, "गुडघ्यासाठी काही पावडर घेत होता का?" लक्षणे सारी स्टेरॉइडची होती. पुडीचा कागद कोणी ठेवला नव्हता. ठेवला असता तरी त्यावर ना नाव होते, ना तारीख, ना पत्ता.

तात्या वाचले. अजून इन्सुलिनवर आहेत. "माझं नाव टाकू नका, पण गोष्ट टाका," असे त्यांनीच सांगितले, म्हणून ती टाकली.

नवा शब्द आला आहे

पूर्वी पुडीवाला "जंगलातली जडीबुटी" म्हणायचा. आता मोबाईलच्या जमान्यात तो शिकला आहे. त्याच्या पाटीवर "फ्लॅव्होनॉइडयुक्त, नैसर्गिक, सूज हटविणारे" असे छापलेले असते. शब्द मोठा असला की माणूस दबतो. म्हणून आधी हा शब्दच फोडून पाहू. तो खोटा नाही. उलट त्याच्यामागचा माल आपल्याच शेतात उभा आहे.

फ्लॅव्होनॉइड म्हणजे वनस्पतीने स्वतःसाठी तयार केलेली एक प्रकारची द्रव्ये. लॅटिन भाषेत 'फ्लावुस' म्हणजे पिवळा, त्यावरून हे नाव पडले. अशी सहा हजारांहून अधिक द्रव्ये शास्त्रज्ञांनी आजवर नोंदली आहेत. आपण ती रोज पाहतो, फक्त नाव ठाऊक नसते. वैजापूरकडच्या लाल कांद्याच्या वरच्या पापुद्र्यांत क्वेर्सेटिन असते. आतल्या गाभ्यापेक्षा बाहेरच्या थरांत ते जास्त, आणि जे वाळके टरफल आपण उकिरड्यावर टाकतो त्यात सर्वांत जास्त. पैठण तालुक्यातल्या, जालन्याकडच्या मोसंबीची साल सोलली की आतला पांढरा पापुद्रा लागतो. त्यात हेस्पेरिडिन असते.

ज्वारीच्या पानावर बुरशी पडली की तिथे तांबूस-लाल ठिपके उठतात. आपण म्हणतो रोग लाल आहे. खरे म्हणजे तो लाल रंग बराचसा ज्वारीचा आहे. बुरशी जिथे शिरली तिथेच पीक ह्या कुळातील द्रव्ये ओतते आणि तिला अडवू पाहते. आपल्या उसाचेही तेच. लाल कूज पडलेला ऊस उभा चिरला की आत जी लाली दिसते तिच्यात उसाने बुरशीशी लढताना केलेली हीच द्रव्ये असतात. लढाई कधी ऊस जिंकतो, बहुधा बुरशी जिंकते, ते आपल्याला ठाऊक आहेच.

आणखी एक गंमत पाहा. हरभरा, तूर, सोयाबीन यांना आपण रायझोबियमची बीजप्रक्रिया करतो. त्या जिवाणूला मुळाचा पत्ता कोण सांगतो? मुळांतून पाझरणारी फ्लॅव्होनॉइडे. तो निरोप मिळाला की जिवाणू मुळाशी येतो, गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, ही द्रव्ये झाडाने स्वतःच्या कामासाठी केली आहेत. उन्हापासून बचाव, बुरशीशी झुंज, जिवाणूला निरोप, ही त्यांची कामे. आपले गुडघे त्याच्या हिशेबात नव्हते. आपल्याला उपयोग झाला तर तो आपला लाभ. पण "निसर्गाने माणसासाठीच दिले आहे" हे पुडीवाल्याचे वाक्य आहे, निसर्गाचे नव्हे.

सूज म्हणजे काय, आणि हे तिला काय करते

विळा लागला की जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. हे शरीराचे कामच आहे. जखमेकडे रक्त धावते, जंतूंशी लढणाऱ्या पेशी येतात, डागडुजी होते आणि आठवड्यात सूज उतरते. ही चांगली सूज. वाईट सूज ती, जी काम संपले तरी घर सोडीत नाही. संधिवातात ती सांध्यात ठाण मांडून बसते.

ही सूज चेतविणारी काही एन्झाइमे शरीरात असतात. त्यांतल्या एकाचे नाव सायक्लोऑक्सिजनेज. वेदनाशामक गोळ्या त्यालाच अडवितात. १९७१ साली जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिनचे हे काम उलगडून दाखविले आणि त्यासाठी १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मात्र हेच एन्झाइम पोटाचे अस्तर राखते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळते. म्हणून ज्या ऊसतोड मजुराला आपण "घे दोन गोळ्या आणि लाग कामाला" म्हणतो, त्याच्या पोटात व्रण होतो, किडनीवर ताण येतो. उन्हात घाम गाळून, पाणी न पिता ह्या गोळ्या घेणे तर फारच वाईट. तेव्हा "गोळी वाईट, पुडी चांगली" असा हा वाद नाही. न मोजता घेतलेले दोन्ही वाईट.

आता प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर क्वेर्सेटिनसारखी द्रव्ये टाकली की सूज चेतविणारे संदेश मंदावतात, हे खरे आहे. उंदरांवरही परिणाम दिसतो, तेही खरे. पुडीवाला इथपर्यंत सांगतो आणि थांबतो. पुढचे आम्ही सांगतो.

उतारा पाहिल्याशिवाय हिशेब नाही

सभासदांना उतारा समजावून सांगावा लागत नाही. शंभर किलो ऊस गाळला म्हणून शंभर किलो साखर पोत्यात पडत नाही, दहा टक्क्यांच्या आसपासच पडते. तद्वत कांद्यातले क्वेर्सेटिन सारे रक्तात जात नाही. शंभर ग्रॅम कांद्यात ते साधारण वीस ते चाळीस मिलिग्रॅम असते. बहुतेक वेळा त्याला साखरेचा रेणू चिकटलेला असतो. आतड्यात तो सुटतो, थोडा भाग आत शिरतो, यकृत त्याचे रूप पालटते, आणि बराचसा भाग आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातो. काचेच्या बशीत जेवढी मात्रा घातली होती, तेवढी माणसाच्या रक्तात जेवणातून सहसा पोहोचत नाही. हा ह्या द्रव्यांचा उतारा आहे, आणि तो कमी आहे.

ह्याचा इतिहासही शिकण्यासारखा आहे. १९३६ साली हंगेरीतील आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी लिंबू आणि लाल मिरची यांतून एक द्रव्य वेगळे केले. त्याने बारीक रक्तवाहिन्यांतून होणारा पाझर कमी होतो असे त्यांना आढळले. त्यांनी त्याला 'व्हिटॅमिन पी' म्हटले. माणूस थोर, पुढच्याच वर्षी जीवनसत्त्व क वगैरे कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. तरीही 'व्हिटॅमिन पी' हे नाव टिकले नाही. ते द्रव्य न मिळाल्याने माणसाला ठराविक असा रोग होतो हे सिद्ध झाले नाही, म्हणून शास्त्रज्ञांनीच ते नाव मागे घेतले. नोबेलवाल्याचा शब्दसुद्धा काट्यावर चढवून पाहिला गेला. मग बाजारातल्या पाटीला सूट कशासाठी?

खाण्यातून काही फायदा आहे की नाही? आहे, असे दिसते. हॉलंडमधल्या झुटफेन गावी ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांवर पाच वर्षे नजर ठेवली गेली. चहा, कांदा, सफरचंद यांतून फ्लॅव्होनॉइडे जास्त घेणाऱ्यांत हृदयविकाराने मरणारे कमी होते. हे १९९३ साली प्रसिद्ध झाले. परंतु जो माणूस भाजीपाला जास्त खातो तो इतरही गोष्टी नीट करीत असेल, म्हणून एवढ्याने खात्री होत नाही. पुढे अमेरिकेत २१ हजारांवर वयस्क लोकांना कोकोतल्या फ्लॅव्होनॉइडांच्या कॅप्सूल किंवा तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सूल वर्षानुवर्षे दिल्या. २०२२ साली निकाल आला. हृदयविकार, पक्षाघात वगैरे एकूण घटनांत ठाम म्हणावी अशी घट आढळली नाही. हृदयरोगाने होणारे मृत्यू काही कमी दिसले. म्हणजे आशा आहे, पण चमत्कार नाही.

मोसंबीची साल औषध कशी झाली

"मग झाडपाल्यात काहीच नाही का?" असे कोणी विचारील. आहे ना. मोसंबीचेच पाहा. मूळव्याध झाली, पायाच्या शिरा फुगल्या, की डॉक्टर डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन यांची गोळी लिहून देतात. हेस्पेरिडिन लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून काढतात आणि त्याच्यापासूनच डायोस्मिन तयार करतात. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीत ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन व ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असते. चूर्ण अतिशय बारीक दळलेले असते, कारण जाडसर ठेवले तर ते अंगी लागत नाही. उतारा वाढवायचा तो असा.

पुडी आणि ह्या गोळीत फरक काय? दोन्ही झाडापासूनच. फरक काट्याचा. गोळीत काय आहे ते नाव लिहिले आहे, किती आहे ते वजन लिहिले आहे, बॅच नंबर आहे, तारीख आहे, माणसांवर तपासून परिणाम नोंदला आहे. काही झाले तर जाब विचारायला पत्ता आहे.

हळदीचेही हेच. तिच्यातले कर्क्युमिन फ्लॅव्होनॉइड नव्हे, पण त्याच मोठ्या भावकीतले. आपली आजी जखमेवर हळद दाबत आली. १९९५ साली अमेरिकेत जखमेवरील हळदीच्या वापराचे पेटंट दोघांना मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. कशाच्या जोरावर? "आमच्या आजीला ठाऊक होते" एवढ्यावर नाही, तर जुने ग्रंथ आणि छापील लेख यांचे पुरावे पुढे ठेवल्यावर. आजीचे ज्ञान खरेच होते. ते कागदावर होते म्हणून वाचले. पुडीवाला आजीचे नाव घेतो, पण कागद देत नाही.

साखर, गूळ आणि आपण

आपण साखर कारखान्याचे सभासद. तेव्हा ह्या विषयात आपले अंग चोरून चालणार नाही. उसाच्या रसातही ट्रायसिन, ल्युटिओलिन, एपिजेनिन ह्या कुळातली फ्लॅव्होनॉइडे असतात. रसात चुना पडला की तो पिवळा होतो त्यात त्यांचा हात असतो, आणि रस उघडा राहून काळपट पडतो तो त्यांच्याच भाऊबंदांमुळे. कारखान्याच्या दृष्टीने हा रंग म्हणजे डोकेदुखी. चुना आणि गंधकाचा धूर देऊन आपण तो घालवितो. काही प्रेसमडमध्ये जाते, काही मोलॅसिसमध्ये, आणि पोत्यात पडते ती जवळजवळ शुद्ध साखर. गुळात ही द्रव्ये थोडीबहुत उरतात.

म्हणून गूळ हे औषध होत नाही. गुळातही बहुतांश साखरच असते. "गूळ नैसर्गिक आहे" म्हणून मधुमेहाच्या सभासदाने खडेच्या खडे खावेत, असे आम्ही ह्या पानावर कधीच लिहिणार नाही, आपला धंदा उसाचा असला तरी. जो नियम पुडीला, तोच आपल्या मालाला.

आणखी एक. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हेही खरे नाही. पपनसाच्या जातीच्या ग्रेपफ्रूटचा रस रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढवून बसतो. फळच ते, पण गोळीशी भांडते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कोणताही अर्क, चूर्ण, काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

आमच्या मते काय करावे

नुसता उपदेश करून थांबणे बरे नाही. म्हणून चार गोष्टी मांडतो.

१) ज्या पुडीवर बनविणाऱ्याचे नाव, पत्ता, घटक, बॅच नंबर आणि तारीख नाही, ती घरात आणू नका. आठ दिवसांत जादू दिसली तर आनंदू नका, संशय घ्या. झाडपाला इतक्या घाईने काम करीत नाही. घाई करते ते आत मिसळलेले स्टेरॉइड. अशी पुडी आज घेत असाल तर एकदम बंदही करू नका. तात्यांचे काय झाले ते वाचलेत. पुडी कागदासकट घेऊन डॉक्टरांकडे जा. वैद्यांकडे जायचे तर पदवीधर, नोंदणीकृत वैद्यांकडे जा. आयुर्वेदाशी आमचे भांडण नाही, बिनकागदाच्या मालाशी आहे.

२) फ्लॅव्होनॉइडे ताटातून घ्या. कांदा चिरताना वरचे लाल पापुद्रे उगाच जास्त काढू नका. भाजी उकडलेले पाणी फेकू नका, कारण बराच भाग त्यात उतरतो. मोसंबीची फोड पांढऱ्या पापुद्र्यासकट खा. शेवग्याचा पाला, मेथी, आंबट चुका हे बांधावरचे आहे, त्याला पुडीचे पैसे लागत नाहीत. बांधावर उसाशेजारी एक शेवगा, एक आवळा, विहिरीजवळ एक मोसंबी लावा. ह्याने गुडघा बरा होईल असे आम्ही म्हणत नाही. अन्न चांगले होईल, एवढे नक्की.

३) गळीत हंगाम सुरू होताना प्रत्येक गट कार्यालयात आणि ऊसतोड कामगारांच्या तळावर साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणी व्हावी, अशी आमची संचालक मंडळास विनंती आहे. कोयत्याची माणसे दिवसभर वाकून तोडतात, मोळ्या डोक्यावर वाहतात. त्यांच्या हातात गोळ्यांची पाने देणे म्हणजे आरोग्यसेवा नव्हे. कारखान्याच्या रस्त्यावर आणि आवारात पुडीवाल्याला बसू देऊ नये. मागे बसू दिले ही चूक झाली आणि त्या चुकीत आम्हीही होतो.

४) मोसंबीच्या सालीचा, रंगद्रव्यांचा प्रकल्प टाकावा अशी सूचना काही तरुण सभासद करतात. त्यांचा उत्साह चांगला आहे. शहरातल्या रसवंत्यांमागे सालींचे ढीग कुजतात हे आम्हीही पाहतो. पण आधी तपासणी. बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र आहे, आपल्या शहरात विद्यापीठ आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. साली किती मिळतील, त्यातून किती किलो निघेल, खर्च काय, घेणार कोण, हे कागदावर येऊ द्या. कर्ज काढून यंत्रे आणायची आणि मग बाजार शोधायचा, ही चाल आपल्याला परवडणारी नाही.

असो. लेख लांबला. परवा तात्या गट कार्यालयात ऊस नोंदीला आले होते. काठी टेकीत आले. आम्ही विचारले, "तात्या, आता गुडघ्याचं कसं?" म्हणाले, "दुखतंय की. पण आता काय खातोय ते ठाऊक हाय." पिशवीतून त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी काढून दाखविली. तिच्यावर औषधाचे नाव होते, मात्रा होती, तारीख होती. जशी आपल्या वजनपावतीवर असते तशी.

एवढेच आमचे मागणे आहे. उसाची पावती जशी जपून ठेवता, तशी औषधाचीही ठेवा.

कळावे, लोभ असावा.

जय सहकार!